कंटेनरला किती मेमरी द्यायची? हाताने लिहिलेल्या चार आकड्यांचा हिशेब

गूगलने 2014 मध्ये खुली केलेली कुबरनेटीस ही प्रणाली आज असंख्य संकेतस्थळांच्या आणि ॲपच्या मागे काम करते. सुकाणू धरणारा नाविक, असा तिच्या मूळ ग्रीक नावाचा अर्थ आहे. अनेक संगणक एकत्र जोडून तयार केलेल्या क्लस्टरमध्ये कोणता कंटेनर (म्हणजे चालण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एकत्र बांधलेला प्रोग्राम) कोणत्या संगणकावर, म्हणजेच नोडवर, चालवायचा हे ती स्वतः ठरवते. मात्र त्या कंटेनरला काय काय लागेल हे तिला माणसालाच आधी सांगावे लागते. त्यासाठी डिप्लॉयमेंट नावाची एक छोटी मजकूर-फाइल लिहितात. तिच्यात कोणता प्रोग्राम चालवायचा आणि त्याच्या किती प्रती हव्यात हे असतेच, पण खरी मेख पुढच्या चार आकड्यांत असते: प्रोसेसर आणि मेमरी या दोहोंसाठी प्रत्येकी एक ‘रिक्वेस्ट’ आणि एक ‘लिमिट’.

रिक्वेस्ट म्हणजे एसटीतले आरक्षण. प्रवासी आला नाही तरी त्याचे आसन दुसऱ्याला आरक्षित करून मिळत नाही. समजा, चार कोरचा एक नोड आहे, म्हणजे त्याच्याकडे 4000 मिलिकोर (कोरचे हजारावे भाग) आहेत, आणि प्रत्येक पॉडने (पॉड म्हणजे कंटेनर ठेवण्याचे सर्वांत लहान एकक) 500 मिलिकोर मागितले आहेत. नोडच्या स्वतःच्या कामांसाठी थोडा वाटा राखून ठेवावा लागत असल्याने आठऐवजी सातच पॉड तिथे मावतात. आता प्रत्यक्षात प्रत्येक पॉड जेमतेम 100 मिलिकोर वापरत असेल, तरी आठवा पॉड ‘पेंडिंग’ म्हणून ताटकळत राहतो, कारण जागा वाटणारा शेड्युलर प्रत्यक्ष वापर पाहत नाही, फाइलमधला आकडा पाहतो. चार-पंचमांश नोड रिकामा आणि दारात रांग, हे दृश्य फुगवून लिहिलेल्या रिक्वेस्टमुळेच दिसते.

लिमिट म्हणजे वापराची कमाल मर्यादा. तिचे वागणे मात्र प्रोसेसर आणि मेमरीच्या बाबतीत अगदी वेगळे आहे, आणि नवख्यांची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. नोडवरची कार्यप्रणाली लिनक्स दर 100 मिलिसेकंदांच्या खिडकीत प्रत्येक कंटेनरने वापरलेला प्रोसेसरचा वेळ मोजतो. लिमिट 250 मिलिकोर असेल, तर त्या खिडकीत 25 मिलिसेकंद मिळतात. ते संपले की उरलेले 75 मिलिसेकंद कंटेनरला थांबवून ठेवले जाते. त्यामुळे ज्या कामाला प्रोसेसरचे एकूण 60 मिलिसेकंद पुरले असते, ते 25, 25 आणि 10 अशा तीन हप्त्यांत, मधले दोन खोळंबे धरून, 210 मिलिसेकंदांनी पुरे होते. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही. फक्त पान हळू उघडते, आणि कारण शोधता शोधता दिवस जातो. मेमरीला अशी वाट पाहायला लावता येत नाही. लिमिट ओलांडली गेली आणि मोकळी करण्याजोगी मेमरी उरली नाही, की लिनक्सचे कर्नल, म्हणजे तिचा गाभा, प्रोग्राम जागीच मारते, आणि नोंदीत ‘ओओएम-किल्ड’ हा शेरा व 137 हा क्रमांक उरतो. हा क्रमांक गूढ नाही: 128 अधिक 9, आणि 9 म्हणजे ज्याला नकार देता येत नाही असा ठार मारण्याचा संकेत.

एककांचीही काळजी घ्यावी लागते. मेमरीच्या आकड्यात 256 च्या पुढे कॅपिटल एम आणि स्मॉल आय लिहिले, तर अर्थ 26,84,35,456 बाइट. नुसते कॅपिटल एम लिहिले, तर बरोबर 25,60,00,000. आणि घाईत स्मॉल एम पडला, तर त्याचा अर्थ ‘हजारावा भाग’ असा होतो, म्हणजे 400 मेगाबाइट मागायला गेलेला माणूस 0.4 बाइट मागून येतो!

मग आकडे ठरवायचे कसे? माझ्या मते पहिला आकडा हा अंदाजच असतो आणि तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. गर्दीच्या दिवसासह निदान आठवडाभर वापर पाहावा, मेमरीची रिक्वेस्ट व लिमिट सारखीच ठेवावी आणि प्रोसेसरची लिमिट, भक्कम कारण नसेल तर, लिहूच नये. माणसाचा कल सढळ हाताने मागण्याकडे असतो, हे गूगलच्याच अभियंत्यांनी 2020 मध्ये मांडले. हाताने आकडे ठरवलेल्या कामांत मागितलेल्यापैकी 46 टक्के साधने पडून होती. ‘ऑटोपायलट’ या त्यांच्या स्वयंचलित यंत्रणेने ठरवलेल्या कामांत हे प्रमाण 23 टक्के होते.

तरीही अशी यंत्रणा मागचा वापर पाहून पुढचा आकडा काढते. उद्या दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागणार आहे, हे तिला ठाऊक नसते. ते ठाऊक असलेला माणूस आदल्या रात्री फाइल उघडतो आणि प्रतींचा आकडा 3 वरून 30 करतो. एक प्रत म्हणजे एक पॉड, आणि प्रत्येकी 500 मिलिकोर धरले तर मागणी 15 कोरची होते, आणि चार नोडचे 16 कोर तिला पुरतील असे वाटते. पण एका नोडवर सातच पॉड मावत असल्याने चार नोडवर 28 बसतात आणि पाचवा नोड त्या रात्रीच जोडून ठेवावा लागतो.