खानदेश म्हणजे तीनच जिल्हे?

जळगाव, धुळे, नंदुरबार: खानदेश एवढाच, असं शाळेपासून ऐकत आलोय. खरं तर ही विभागणी बरीच नवी. 1906 साली इंग्रजांनी एकाच खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. नंदुरबार तर 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीचा पसारा मोठा. फारुकी सुलतानांची राजधानी बुऱ्हाणपूर होती, पुढे मुघलांच्या खानदेश सुभ्याचंही ते मुख्य ठाणं. आज ते मध्य प्रदेशात! इकडे सटाणा-मालेगावची नोंद नाशिक जिल्ह्यात, पण बाजारात कान दिलात तर खानदेशची अहिराणी बोलीही ऐकू येईल. उलट, नाशिक विभागातलं सगळंच खानदेश नव्हे. अहिल्यानगर त्याच विभागात असलं, तरी तिथल्या कुणाला खानदेशी म्हणून बघा.