कंपवातातील मेंदूचा दाह

कंपवातात (पार्किन्सन विकारात) मेंदूतील डोपामिन (हालचालींसाठी लागणारे संदेशवाहक रसायन) तयार करणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्यांच्या आसपास मेंदूच्या संरक्षक पेशी वर्षानुवर्षे खवळलेल्या राहतात, यालाच मेंदूचा दाह म्हणतात. जखमेच्या दाहासारखी लाली किंवा ठणका इथे नसतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले, तरी दाहाकडे लक्ष जायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

या संरक्षक पेशी म्हणजे मायक्रोग्लिया. एरवी त्या बारीक फांद्या पसरून परिसर चाचपतात, कचरा गिळतात. कंपवातात अल्फा-सायन्यूक्लिन या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. चेतापेशींबाहेर पडलेल्या गुठळ्यांना मायक्रोग्लिया शत्रू समजतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखी दाहकारक द्रव्ये सोडतात. त्यांचा मारा शेजारच्या धडधाकट चेतापेशींवरही होतो. त्या फुटल्या की आतला ऐवज बाहेर येऊन मायक्रोग्लिया आणखी चेततात.

संशोधक पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांना १९८८ मध्ये रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, सबस्टॅन्शिया नायग्रा या डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींच्या भागात, अशा चेतलेल्या मायक्रोग्लिया दिसल्या. पण हे रोगाचे कारण की नुसता परिणाम? या वादात सर्वांत बोलका पुरावा एका दुर्दैवी घटनेतून मिळाला. १९८२ च्या सुमारास कॅलिफोर्नियात काही तरुणांनी टोचून घेतलेल्या कृत्रिम हेरॉइनमध्ये एमपीटीपी हे विषारी रसायन होते. काही दिवसांतच त्यांचे शरीर कंपवाताच्या रुग्णासारखे ताठरले. त्यांच्यापैकी तिघांच्या मेंदूंची तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षे उलटली होती, तरीही मायक्रोग्लिया चेतलेल्याच होत्या. म्हणजे सुरुवात कशानेही होवो, एकदा पेटलेला दाह मूळ कारण गेल्यावरही धुमसत राहू शकतो. दाहाला केवळ परिणाम मानणे यानंतर अवघड झाले.

रक्तातील टी-पेशींचाही (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) यात सहभाग दिसतो. काही रुग्णांच्या टी-पेशी अल्फा-सायन्यूक्लिनचे तुकडे ओळखून प्रतिक्रिया देतात, असे २०१७ मध्ये आढळले. कंपवाताशी जोडलेल्या एलआरआरके२ या जनुकाचा संबंध आतड्याच्या दाहाच्या क्रोन्स रोगाशीही आहे.

आयबुप्रोफेन हे दाह व वेदना कमी करणारे औषध नियमित घेणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण कमी असल्याचे काही पाहणींत दिसले. त्यावरून ते उपचार ठरत नाही, आणि पोट व मूत्रपिंडांना असलेला धोका पाहता स्वतःहून घेणे चुकीचेच. मायक्रोग्लियांना पूर्ण गप्प केले तर कचरा उचलण्याचे कामही थांबेल. त्यामुळे एनएलआरपी३ या प्रथिनासारखा दाहसाखळीतील एखादाच दुवा अडवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे.