बंदुकीच्या निळाईमागचा गंज

खंडेनवमीला नाशिकच्या काही जुन्या घरांत परवान्याची बंदूक अजून पाटावर येते. हळद-कुंकू वाहिलं जातं, झेंडूचं फूल ठेवलं जातं आणि ओल्या बोटांनीच ती परत कपाटात जाते. पुढच्या दसऱ्याला बघावं तर नळीवर तांबूस ठिपके आणि बोल्टच्या, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या खिट्टीच्या, दांड्यावरचा निळसर काळेपणा हाताळून हाताळून उडालेला. ‘जरा रंग मारून घ्या,’ असं कुणीतरी सांगतंच. पण बहुतेक जुन्या बंदुकांवर रंग नसतोच मुळी. तो काळेपणाही गंजच असतो, फक्त माणसाळलेला.

लोखंडाचा तांबडा गंज फुगून सुटतो आणि खालचा पत्रा पुन्हा उघडा पाडतो. काळा गंज, म्हणजे मॅग्नेटाइट, पातळ असतो, पण घट्ट धरून बसतो आणि तेल मुरवून ठेवतो. हे कळायला वेळ लागला. अठराव्या शतकातले शिपाई विटेच्या भुकटीने घासून बंदुका चकचकीत ठेवत आणि त्या पायी नळ्या झिजवत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी फौजेने नळ्या मुद्दाम गंजवून तपकिरी करायचं ठरवलं. तोच गंज उकळत्या पाण्यात धरला की काळा पडतो, ही कारागिरांची युक्ती. वरची सुटी भुकटी तारेच्या ब्रशने झाडायची, पुन्हा गंजवायचं, पुन्हा उकळायचं. अशा कितीतरी फेऱ्यांनंतर ती खोल निळाई येते. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच.

कारखान्यांना एवढा धीर कुठला! विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या द्रावणात भाग बुडवून अर्ध्या तासात काळा करण्याची पद्धत रुळली. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत यंत्रांचे ॲलन बोल्ट (षट्कोनी खाचेचे स्क्रू) ‘ब्लॅकोडाइज’, म्हणजे काळे, करून मिळतात ते याच कुळातल्या पद्धतीने. मात्र बारा बोअरची दोननळी बंदूक त्या टाकीत घालू नये. तिच्या नळ्या शिसं-कथलाच्या डाकाने (सोल्डरने) जोडलेल्या असतात आणि गरम कॉस्टिक तो डाक खातं. तिला जुना, सावकाश मार्गच लागतो.

युद्धांनी निराळी वाट काढली. इंग्लंडमध्ये थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये फॉस्फरिक आम्लाने लोखंडावर थर चढवण्याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९१५ मध्ये स्थापन झालेल्या पार्कर कंपनीने त्याचा धंदा केला आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकी रायफली खरखरीत करड्या दिसू लागल्या. इंग्रजांनी पुढे फॉस्फेटवर काळा रंग भाजून चढवला. म्हणजे अशी रायफल हातात असेल, तर तो ‘रंग मारा’ म्हणणारा अगदीच चुकीचा नाही!

नेमबाजांच्या मनाची मशागत करणारे दिवंगत क्रीडामानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम याच शहरातले. नेमबाजांच्या एअर रायफलीत ॲल्युमिनियमचे भाग पुष्कळ, आणि ॲल्युमिनियम असं निळं होत नाही. त्यावर ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रवाहाने घडवलेला ऑक्साइडचा थर, असतं, जे १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये सी-प्लेनच्या भागांसाठी पुढे आलं. ओरखडा पडला की ते सगळं उतरवून नव्याने करावं लागतं. बाटलीतलं ‘कोल्ड ब्लू’, म्हणजे न तापवता पुसून लावायचं काळं करणारं द्रावण, तिथे निरुपयोगी. लोखंडावरही ते सेलेनियम आणि तांब्याच्या क्षारांचा पातळ लेपच देतं. लहानशा चऱ्यापुरतं ठीक, पण हात लागत राहिला की लवकर उडतं.

खरं नुकसान होतं ते त्याआधीच्या घासण्यात. तांब्या-पितळेच्या या गावात वस्तू लख्ख करायची हौस मोठी, त्यामुळे आधी बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरतो. बफने धारदार कडा गोल होतात आणि कोरलेला नंबर बुजतो. नंबर गेला की प्रश्न देखणेपणाचा राहत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याने ओळखखूण पुसणं गुन्हा ठरतं, आणि दुसऱ्याची बंदूक धंदा म्हणून दुरुस्त करायलाही परवाना लागतो. म्हणून ब्लॅकोडायझिंगची टाकी घरापासून दहा मिनिटांवर असली, तरी बंदुकीचा बोल्ट पिशवीत घालून तिथे नेता येत नाही.