सार्वजनिक दूरचित्रवाहिनीचा कार्यक्रमदिवस

परवाना शुल्क, शासकीय अनुदान किंवा देणग्या यांवर चालणाऱ्या दूरचित्रवाहिनीवर सकाळच्या पहिल्या उद्घोषणेपासून रात्री प्रक्षेपण थांबेपर्यंत जे कार्यक्रम ठरलेल्या क्रमाने दाखवले जातात, त्या साऱ्या मांडणीला कार्यक्रमदिवस असे म्हणता येते. केवळ बातम्या, केवळ क्रीडा किंवा केवळ चित्रपट दाखवणाऱ्या वाहिनीला दिवस असला, तरी त्याला घडण नसते. तिथे कोणत्याही तासाला साधारण तेच दिसते. सार्वजनिक वाहिनी मात्र एकाच पडद्यावर शाळकरी मूल, शेतकरी, घरी असलेले वृद्ध, कामावरून परतलेला माणूस आणि शास्त्रीय संगीताचा जाणकार या सर्वांचे देणे लागते, आणि हे देणे कोणत्या वेळी व किती मिनिटांत फेडायचे, हा तिच्या कार्यक्रमपत्रिकेपुढचा मुख्य प्रश्न असतो.

आरंभीचे दिवस अगदी लहान होते. बीबीसीने 2 नोव्हेंबर 1936 रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा दुपारी एक तास आणि रात्री एक तास एवढेच प्रक्षेपण होई, आणि रविवारी तेही नसे. ही सेवा 1 सप्टेंबर 1939 रोजी युद्धामुळे बंद झाली आणि 7 जून 1946 रोजी पुन्हा सुरू झाली. भारतात 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. रोजची सेवा 1965 मध्ये आली आणि मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. प्रक्षेपणाचे तास मोजके असल्याने प्रत्येक मिनिटाचा विनियोग विचारपूर्वक करावा लागे. पुढे तास वाढले, पण वेळेकडे सार्वजनिक मालमत्ता म्हणून पाहण्याची ही सवय चांगल्या वाहिन्यांनी सोडली नाही.

दिवसाची घडण प्रेक्षकांच्या दिनक्रमावरून ठरते. सकाळी माणसे घाईत असतात, म्हणून कार्यक्रम छोटे आणि कानांनीही समजतील असे असतात. जपानच्या एनएचकेवर 1961 पासून चालत आलेली सकाळची मालिका हे याचे उत्तम उदाहरण आहे: सुमारे पाव तासाचा एक भाग, तोही ठरलेल्या वेळी, इतका नेमाने की प्रेक्षक आपले सकाळचे आवरणे त्याच्याशी जुळवून घेतात. त्यानंतरचे तास पुष्कळ देशांत शालेय कार्यक्रमांना दिले गेले. दुपार ही जाहिरातदारांना बिनमहत्त्वाची वाटणारी वेळ; सार्वजनिक वाहिन्यांनी मात्र तिचा शिक्षणासाठी फार चांगला उपयोग केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर दुपारच्या वेळी सुरू केलेल्या उच्चशिक्षणाच्या कार्यक्रमांमुळे मोठ्या शहरांतील प्राध्यापकांचे विवेचन लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही घरी बसून ऐकता आले.

संध्याकाळ मुलांची. या वेळेबाबत ब्रिटनमध्ये एक वेगळाच नियम होता: सहा ते सात हा तास पडदा कोरा ठेवला जाई, म्हणजे लहान मुलांना झोपवणे आणि मोठ्यांना अभ्यासाला बसवणे पालकांना सोपे जाई. फेब्रुवारी 1957 मध्ये हा नियम उठवण्यात आला. आइसलँडने याहून पुढचे पाऊल टाकले होते. तिथल्या राष्ट्रीय वाहिनीवर 1987 पर्यंत गुरुवारी काहीच दाखवले जात नसे. रिकामी जागासुद्धा कार्यक्रमदिवसाचा भाग असते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

रात्रीच्या बातम्या हा दिवसाचा खांब. जर्मनीतील ‘तागेसशाउ’ हे बातमीपत्र 26 डिसेंबर 1952 रोजी सुरू झाले, आणि त्याची रात्री आठची वेळ तिथे इतकी रुळली आहे की त्यानंतरचा मुख्य कार्यक्रम सव्वाआठला सुरू होतो हे सर्वांना ठाऊक असते. बातम्यांनंतर नाटक, मालिका, संगीताची मैफल, मुलाखत किंवा माहितीपट येतो. प्रौढांसाठीचा आशय मुलांच्या झोपेच्या वेळेनंतरच दाखवायचा, असा संकेत बहुतेक देशांत आहे. ब्रिटनमध्ये ही सीमा रात्री नऊची आहे.

या साऱ्या मांडणीत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कार्यक्रमांचा शेजार. चित्रपटगीतांसाठी दूरचित्रवाणी संच लावून बसलेल्या माणसासमोर आधी शेतीविषयक चर्चा किंवा एखाद्या चित्रकाराची मुलाखत येते, आणि स्वतःहून त्याने जे कधी निवडले नसते ते तो पाहतो. 26 जानेवारी 1967 रोजी सुरू झालेला ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम मुळात दिल्लीच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांसाठी होता, तरी शेताशी संबंध नसलेल्या शहरी घरांतही तो पाहिला गेला. कारण तेव्हा दुसरी वाहिनीच नव्हती. पर्याय नसणे ही उणीव होतीच, आणि कंटाळ्याच्या तक्रारीही रास्त होत्या. तरीही परस्परांना अपरिचित असलेल्या समाजगटांची एकमेकांच्या विषयांशी ओळख होण्याचे असे दुसरे साधन क्वचितच सापडते. ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातही हाच विचार होता. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात सहा राज्यांतील सुमारे 2,400 गावांना सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि संध्याकाळी साऱ्या गावासाठी कार्यक्रम दाखवले गेले. संध्याकाळच्या त्या प्रक्षेपणात शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि करमणूक एकापाठोपाठ येत, व सामूहिक संचासमोर बसलेले गाव ते एकत्र पाहत असे.

दोन कार्यक्रमांमधली जागाही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. बहुतेक कार्यक्रम थेट सादर होत तेव्हा कोणता कधी संपेल याचा नेम नसे, आणि नाटकाच्या दोन अंकांमध्ये नेपथ्य बदलायलाही वेळ लागे. 1950च्या दशकात बीबीसी अशा वेळी चाकावर भांडे घडवणाऱ्या कुंभाराच्या हातांसारखी छोटी दृश्ये दाखवी. भारतीय केंद्रांवर या फटी निवेदिका भरून काढीत. पुढे काय आहे ते सांगणारा तो शांत चेहरा प्रेक्षकांना घरातल्या माणसासारखा वाटे. प्रक्षेपण तुटले की ‘व्यत्यय’ची पाटी येई. मुंबई केंद्राच्या ‘साप्ताहिकी’त तर येत्या आठवड्याची सारी रूपरेषा आधीच सांगितली जाई, आणि पुष्कळ घरांत ती कागदावर उतरवून घेतली जाई.

महत्त्वाच्या घटनेपुढे ठरलेला दिवस बाजूला ठेवावा लागतो. जुलै 1969 मध्ये मानव चंद्रावर उतरला तेव्हा बीबीसीने प्रथमच रात्रभर प्रक्षेपण चालू ठेवले. निवडणुकीचे निकाल, नैसर्गिक आपत्ती, राष्ट्रीय दुखवटा अशा वेळीही कार्यक्रमपत्रिका रद्द होते. नॉर्वेच्या एनआरकेने तर कोणतीही आपत्ती नसताना हे केले: 2009 मध्ये बर्गन ते ऑस्लो हा सात तासांहून अधिक लांबीचा रेल्वेप्रवास तिने अखंड दाखवला, आणि 2011 मध्ये किनाऱ्यालगतच्या बोटीचा 134 तासांचा प्रवास थेट प्रक्षेपित केला. प्रेक्षकांनी दोन्हींना भरभरून प्रतिसाद दिला.

चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्या आणि मागणीनुसार कार्यक्रम दाखवणाऱ्या सेवा आल्यावर दिवसाची ही घडण सैल झाली. कार्यक्रम हुकला तर तो नंतर पाहता येतो, ही मोठी सोय आहे. मात्र तिथे प्रत्येक कार्यक्रम एकटा असतो, त्याच्या आधीचे व नंतरचे काही राहत नाही. बातम्या, क्रीडासामने आणि राष्ट्रीय समारंभ यांसाठी आजही लोक ठरलेल्या वेळी संचासमोर येतात, आणि सार्वजनिक वाहिन्या शेतीचे, मुलांचे किंवा अभिजात संगीताचे कार्यक्रम अजूनही शक्यतो अशाच वेळांच्या आगेमागे ठेवू पाहतात.