बोर्दोचे १८५५ चे वर्गीकरण

बोर्दोचे १८५५ चे वर्गीकरण : फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडील बोर्दो प्रदेशातील उंची वाइनची प्रतवार यादी. पॅरिस येथे १८५५ मध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी ती तयार करण्यात आली. तीत तांबड्या वाइनच्या पाच श्रेणी असून सोतेर्न व बार्साक येथील गोड पांढऱ्या वाइनची यादी वेगळी आहे. पिण्यासाठी असो वा गुंतवणुकीसाठी, बोर्दो वाइन विकत घेणाऱ्याची नजर आजही प्रथम या यादीकडे जाते. त्यामुळे ती कशावरून ठरली, हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.

यादी फ्रान्सचा तत्कालीन सम्राट तिसरा नेपोलियन याच्या आज्ञेने झाली, असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रदर्शन त्याच्या कारकिर्दीतले, एवढे खरे. मात्र बोर्दोच्या व्यापारी मंडळाने प्रदर्शनातील मांडणीच्या निमित्ताने ही माहिती मागवली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मंडळाचे पत्र ५ एप्रिल १८५५ चे आणि वाइन-दलालांच्या संघाचे उत्तर १८ एप्रिलचे. इतक्या थोड्या दिवसांत सुमारे साठ मळ्यांच्या वाइन चाखून त्यांची प्रत लावली गेली असेल, हे संभवत नाही. दलालांनी आपल्या दप्तरातील अनेक वर्षांचे भाव पाहिले आणि त्या क्रमाने नावे लिहिली, असेच मानावे लागते. तेव्हा भाव तोनोवर, म्हणजे चार पिंपांच्या सुमारे ९०० लिटरच्या मापावर, ठरत. पहिल्या श्रेणीच्या तोनोला ३,००० फ्रँकच्या आसपास, तर पाचवीच्या तोनोला साधारणपणे १,४०० ते १,६०० फ्रँक मिळत.

हा क्रमही त्या वर्षी नव्याने जन्मलेला नव्हता. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याने १६६३ मध्येच ओ-ब्रियॉं या बोर्दोच्या मळ्यातील वाइनच्या चवीची नोंद केली आहे. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला टॉमस जेफर्सन १७८७ मध्ये बोर्दोला गेला, तेव्हा त्याने मार्गो, लातूर, ओ-ब्रियॉं व लाफित या चार मळ्यांची नावे अग्रभागी ठेवली. पुढे १८५५ च्या पहिल्या श्रेणीतही हीच चार आली. यांपैकी ओ-ब्रियॉं ग्राव भागातील. तांबड्या वाइनच्या यादीतील बाकी सर्व शातो (मळा व मद्यशाळा मिळून होणारे घराणे) बोर्दोच्या उत्तरेकडील मेदॉक भागातील आहेत. नदीपलीकडचे सेंत-एमिल्यॉं व पोमेरोल हे वाइनचे भाग यादीत नाहीत. तेथील व्यापार प्रामुख्याने लिबूर्न गावातून चाले व बोर्दोच्या दलालांच्या वह्यांत तो फारसा येत नसे, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे.

दोन नावांविषयी मतभेद आहेत. काँतमेर्लचे नाव पाचव्या श्रेणीच्या शेवटी सप्टेंबर १८५५ मध्ये मागाहून लिहिले गेले. काही जण ही लेखनिकाची चूक मानतात. दुसऱ्या मतानुसार या मळ्याचा माल दीर्घकाळ थेट हॉलंडला जात असे. बोर्दोच्या बाजारात त्याचा भाव नोंदला जाऊ लागल्यावरच त्याला जागा मिळाली. यादी भावांवर बेतलेली होती हे लक्षात घेता दुसरे मत सयुक्तिक ठरते. मूटॉंला दुसऱ्या श्रेणीत का ठेवले, हा दुसरा वाद. मळा १८५३ मध्ये रॉथशिल्ड या सावकार घराण्याच्या इंग्रज शाखेकडे गेला होता व त्याचा आकस धरला गेला, असे एक मत आहे. पण तो सिद्ध करणारा पुरावा दुबळा आहे. १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मूटॉंला पहिली श्रेणी मिळाली. काँतमेर्लनंतर यादीत झालेला महत्त्वाचा बदल एवढाच.

खरेदीदाराने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. श्रेणी शातोच्या नावाला आहे, जमिनीला नाही. फ्रान्सच्याच बुर्गुंदी या दुसऱ्या वाइन-प्रदेशात ती मळ्याच्या तुकड्याला चिकटलेली असते. मेदॉकमध्ये शातोने शेजारची जमीन विकत घेतली तरी श्रेणी तीच राहते. पाचव्या श्रेणीतील लिंच-बाज व तिसरीतील पामेर यांना आज त्यांच्या वरच्या श्रेणीतील अनेकांपेक्षा अधिक भाव येतो. श्रेणीने इतिहास कळतो. आजची प्रत चाखूनच ठरवावी लागते.

विक्रीची रूढ पद्धत ‘आँ प्रिमर’ ही आहे. सुगीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपात मुरत असतानाच, शातो दलालामार्फत व्यापाऱ्यांना माल विकतो. बाटल्या सुमारे दोन वर्षांनी हाती येतात. अठराव्या शतकात व्यापारी वेलीवरचे पीकच विकत घेत. आजची पद्धत तेथूनच आली असे काहींचे म्हणणे आहे. तथापि सामान्य ग्राहकाला खुली असलेली पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दिसते आणि १९८२ च्या सुगीने तिला जोर आला. त्या सुगीची मुक्तकंठाने स्तुती करणारे अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्या शंभर गुणांच्या मापाचा भावांवर पुढे मोठा प्रभाव पडला. आगाऊ पैसे गुंतवण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा पहिला भाव नंतरच्या भावापेक्षा कमी असेल. २०१० च्या सुगीत तो इतका चढा होता की अनेक वाइन नंतर त्याच किंवा कमी भावात मिळाल्या. शातो लातूरने २०१२ मध्ये ही पद्धत सोडली व तयार झालेली वाइनच बाजारात आणण्याचे ठरवले.

दुय्यम बाजाराचे, म्हणजे एकदा विकलेल्या वाइनच्या फेरविक्रीचे, केंद्र लंडन. तेथे २००० मध्ये स्थापन झालेल्या लिव्ह-एक्स या विनिमय संस्थेचे निर्देशांक व्यापारात प्रमाण मानले जातात. हाँगकाँगने २००८ मध्ये वाइनवरील कर रद्द केल्यावर लाफितचे भाव वेगाने चढले आणि २०११ नंतर तितक्याच ठळकपणे उतरले.

जुनी बाटली घेताना ती आजवर कोठे होती हा पहिला प्रश्न असावा. सुमारे १२ ते १३ अंश सेल्सियस स्थिर तापमान, पुरेशी आर्द्रता व बूच ओले राहील अशी आडवी ठेवण हवी. मानेतील वाइनची पातळी खाली गेलेली असेल तर बुचातून हवा शिरल्याची शंका घ्यावी. मूळ लाकडी पेटी आणि करमुक्त गोदामातील अखंड नोंद यांमुळे भाव वाढतो. बनावट मालाचा धोका खरा आहे : रूडी कुर्नियावान याला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बनावट वाइन विकल्याबद्दल दोषी ठरवले.

गुंतवणुकीसाठी १९८२, २०००, २००५, २००९, २०१० व २०१६ यांसारख्या सुगी शोधल्या जातात. कॅबर्ने सोव्हिन्यॉं या द्राक्षजातीचे प्रमाण जास्त असलेल्या मेदॉकच्या अशा वाइन मुरायला दहा-वीस वर्षे सहज लागतात. पिणाऱ्याने मात्र मध्यम सुगीतील उत्तम शातो निवडावा. तो लवकर पिण्याजोगा होतो आणि स्वस्तही पडतो.

सोतेर्नच्या यादीत शातो इकेम एकट्याच्या विशेष श्रेणीत आहे. बुरशीने सुकवलेल्या द्राक्षांची ही वाइन दीर्घायुषी असते, पण गुंतवणुकीच्या बाजारात तिची उलाढाल तांबड्या वाइनच्या तुलनेत थोडी आहे. द्राक्षे मनासारखी न उतरल्यास इकेम त्या वर्षी आपल्या नावाने वाइन काढत नाही. २०१२ ची इकेम म्हणूनच अस्तित्वात नाही.