लाल डोळ्याचा झाडबेडूक अन् आपला कूलरमधला

पाऊस लागला की व्हॉट्सॅपवर तो हिरवा बेडूक फिरते, लालभडक डोळे, बाजूनं निळे-पिवळे पट्टे, नारिंगी पाय, अन् खाली लिहिलेलं असते 'आपल्या रानातला झाडबेडूक'. तो आपला नाहीच बाप्पा. तो दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या ओल्या रानातला, दिवसा पानाला चिकटून झोपते, रात्री रातकिडे, पतंग, माश्या खाते. मादी साधारण ७ सेंमीपर्यंत, अंडी पाण्यावर झुकलेल्या पानावर घालते.

आपला म्हणजे जूनमध्ये कूलर आवरायला काढला की गवताच्या जाळीमागं भुरकट गोळा होऊन बसलेला सापडते तो. टाक्याच्या कडेला साबणासारखा फेस दिसला की समजायचं त्यात याची अंडी आहेत, पिल्लं खाली पाण्यात पडतात.

घोळ नावाचा आहे. १८३० मध्ये आपल्यावाल्या बेडकाला शास्त्रीय नाव मिळालं तेव्हा त्याला 'हायला' (Hyla) नावाच्या बेडकांच्या गटात टाकलं, अन् १८६२ मध्ये त्या लाल डोळेवाल्यालाही तिथंच. बोटाच्या टोकाला चिकटायची चकती दिसली की घाल हायलात, असा तेव्हाचा हिशेब. पण चकती दोघांना आपापल्या वाटेनं आली, नातं लय दूरचं. १८६४ ला लाल डोळेवाल्यासाठी वेगळी प्रजात (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) काढली, आपलाही पुढं दुसऱ्याच कुळात गेला. इंग्रजीत तर आपल्यावाल्याला चुनाम फ्रॉग म्हणतात, चुना मारलेल्या भिंतीवर बसते म्हणून, म्हणजे साहेबालाही तो झाडापेक्षा भिंतीवरच जास्त दिसला असणार.

२०१६ मध्ये आणखी एक वाद. लाल डोळेवाला ज्या उपकुळात होता ते अख्खं स्वतंत्र कूळ धरा असं सुचवलं गेलं, काहींनी मानलं, काही अजूनही जुनंच लिहितात म्हणून दोन पुस्तकांत दोन कुळं सापडतात. मला विचाराल तर नायब तहसीलदाराचा तहसीलदार केला, माणूस तोच, टेबल तेच. ट्री फ्रॉग, म्हणजे झाडबेडूक, हा शब्द मात्र दोघांच्याही पाठीवर चिकटून राहिला अन् फॉरवर्डवाल्यांचं फावलं.

त्या देखण्याला लोक काचेच्या पेटीत पाळतात, विक्री वाढली म्हणून २०१० मध्ये तो अन् त्याच्या प्रजातीतले त्याचे भाऊबंद आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत गेले. आपल्यावाल्याला कोण विकत घेते? १९८७ ला भारतातून बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद झाली ती धानाच्या बांधीतल्या मोठ्या बेडकांपायी, भिंतीवरल्याच्या तंगडीत मांसच किती.