याकितोरीत आधी कलेजी आली, मांडी नंतर

याकितोरी म्हणजे काडीला टोचून कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. जपानमधल्या याकितोरीच्या दुकानात पहिल्यांदाच बसलेला पाहुणा बहुधा मांडीच्या मांसाची काडी आधी मागवतो. कलेजी, पेठा, हृदय, कातडी या प्रकारांकडे तो जरा धीट झाल्यावर वळतो. या पदार्थाच्या इतिहासाचा क्रम मात्र याच्या बरोबर उलटा आहे. ‘याकि’ म्हणजे भाजलेले आणि ‘तोरी’ म्हणजे पक्षी. नावात कोंबडीचा उल्लेख नाही, आणि तो नसण्याला कारण आहे.

इ. स. 675 मध्ये सम्राट तेम्मू यांनी गुरे, घोडे, कुत्री, माकडे आणि कोंबड्या यांचे मांस खाण्यास मनाई केली. ही मनाई चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत, म्हणजे शेतीच्या हंगामापुरतीच होती. ती कितपत पाळली गेली हा वेगळा विषय. पण बौद्ध विचारांच्या प्रभावामुळे घरच्या जनावराचे मांस खाण्याविषयीचा संकोच पुढे कित्येक शतके टिकला. कोंबडा हा पहाट कळवणारा घरातला प्राणी होता. शिजवायचे ते रानातले पक्षी, बदके आणि लावे. सतराव्या शतकातल्या पाककृतींच्या पुस्तकांत काडीला टोचून भाजलेले पक्षी आढळतात, तेही याच परंपरेतले. क्योतोच्या फुशिमी इनारी देवस्थानाबाहेर भाजलेल्या चिमण्या विकण्याची रीत आजही थोडीफार शिल्लक आहे. इनारी ही भाताची देवता आणि चिमणी ही भात खाणारी, त्यामुळे तिथे चिमणी भाजण्यात थोडा सूडही मिसळलेला आहे असे म्हणतात.

आज ज्याला याकितोरी म्हणतात त्याचा उगम देवळाबाहेर नव्हे, तर मेजी काळातल्या (1868–1912) तोक्योच्या रस्त्यांवर शोधावा लागतो. त्या काळी ‘शामो’ जातीच्या झुंजीच्या कोंबड्यांचा रस्सा देणारी हॉटेले होती आणि तिथे जाणे सामान्य माणसाला परवडत नसे. या हॉटेलांच्या मुदपाकखान्यातून उरलेली आतडी-काळजे हातगाडीवाले विकत घेत, काडीला टोचत आणि ईल माशाच्या ‘काबायाकी’प्रमाणे गोडसर सोया रसात बुडवून कोळशावर भाजत. पत्रकार मात्सुबारा इवागोरो यांनी 1893 मध्ये तोक्योच्या दरिद्री वस्त्यांविषयी जे पुस्तक लिहिले, त्यात या पदार्थाचा उल्लेख आहे. अंगमेहनत करणाऱ्यांचे पौष्टिक खाणे अशी त्याची ओळख ते करून देतात, एका काडीचा भाव 3 ते 5 रिन सांगतात आणि खमंग वासाने गिऱ्हाइके मुंग्यांसारखी जमत असल्याचे नोंदवतात. एका येनमध्ये 1000 रिन होत, एवढे सांगितले म्हणजे हे खाणे कोणासाठी होते ते कळते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की आजच्या दुकानातल्या काही गोष्टींचा उलगडा होतो. तुकडे लहान असतात, कारण उरलेसुरले तुकडे मुळातच लहान असत आणि गाडीवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला फार थांबवून चालत नसे. ‘तारे’ हा दाट रस किंवा ‘शिओ’ म्हणजे नुसते मीठ, असा पर्याय आज दुकानदार विचारतो. त्यातला तारे हा आतड्या-काळजांचा उग्रपणा झाकण्याच्या फार कामाचा असणार, असे मला वाटते. चांगल्या मांसाला मीठ पुरते.

1923 च्या भूकंपानंतर तोक्योत याकितोरीच्या गाड्या वाढल्या आणि कोंबडीबरोबर डुकराची आतडीही काडीवर आली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत हा धंदा पुन्हा फोफावला. शिंजुकू स्थानकालगतच्या काळ्या बाजारात, आज ‘ओमोइदे योकोचो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बोळात, गहू आणि इतर नियंत्रित मालावर धाडी पडू लागल्या तेव्हा दुकानदारांनी नियंत्रणाबाहेर असलेली आतडी-काळजे भाजायला घेतली. त्या बोळातल्या कळकट, जेमतेम सात-आठ माणसे मावतील अशा दुकानांत आजही डुकराच्या काड्यांना मोठी मागणी आहे. होक्काइदोतल्या मुरोरान शहरात तर डुकराचे मांस, कांदा आणि मोहरीची चटणी या मेळालाच याकितोरी म्हणतात, आणि पक्ष्याचा पत्ता नसल्याचे तिथे कोणाला खटकत नाही.

मांडीचे मांस सर्वांच्या आवाक्यात आले ते 1960 च्या दशकात, अमेरिकी पद्धतीचे ब्रॉयलर पालन जपानमध्ये पसरल्यावर. तोपर्यंत कोंबडी महाग होती. त्यानंतरच लाल कागदी कंदील टांगलेली दुकाने कचेरीतून सुटणाऱ्या नोकरदारांचा संध्याकाळचा अड्डा झाली. ‘तोरिकिझोकू’ ही 1985 मध्ये ओसाकाजवळ सुरू झालेली साखळी एकाच भावात सगळे विकण्यासाठी प्रसिद्ध झाली. 1989 पासून 2017 पर्यंत तिचा भाव कराशिवाय 280 येनच होता.

दुसरीकडे हाच पदार्थ महागही होत गेला. मोठ्या दुकानांत कोळसा ‘बिंचोतान’ असतो. वाकायामाकडच्या उबामे ओकच्या लाकडापासून तो करतात, आणि शेवटी हजार अंशांच्या वर तापवलेला निखारा भट्टीबाहेर ओढून राखमिश्रित मातीखाली विझवतात. दोन कांड्या एकमेकींवर आपटल्या तर धातूसारखा नाद येतो. धूर आणि ज्वाळा कमी, उष्णता सतत. त्यामुळे कारागीर एका हाताने काड्या फिरवत दुसऱ्या हातातल्या पंख्याने विस्तवाला वारा घालतो, आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही. अशा काही दुकानांत पदार्थांची यादीच नसते. गिऱ्हाईक ‘पुरे’ म्हणेपर्यंत एकेक काडी येत राहते.

तिथे सर्वांत शेवटी, असलीच तर, ‘चोचिन’ येते. चोचिन म्हणजे कंदील: कोंबडीच्या पोटात तयार होत असलेले, कवच न आलेले अंडे बीजनलिकेसकट काडीच्या टोकाला लोंबकळत असते. ते अंड्यावर असलेल्या कोंबडीतच सापडते, सहा-सात आठवड्यांच्या ब्रॉयलरमध्ये नाही. शामोच्या हॉटेलातून हातगाडीवर जाणाऱ्या मालाच्याच जातीचा हा तुकडा आता दुकानात आला की नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवला जातो.